‘चालतंय की’ जिथे चालत नाही

दिवाळीच्या रात्री बाटलीत बाण उभा करून त्याच्या वातीला उदबत्ती लावली, म्हणजे पुढे दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर तो सूंऽऽ करीत सरळ आभाळात जातो आणि पोरे टाळ्या पिटतात; नाही तर बाटलीच्या तोंडाशीच वाकडा होऊन समोरच्या काकूंच्या गॅलरीत शिरतो आणि त्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्याला भोक पाडून येतो. लुगड्यावरून चार दिवस बोलणी होतात. पण बाण वाकडा का गेला, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. काडी वाकडी असेल, दारू सादळली असेल, पुठ्ठ्याची नळी एका अंगाला उसवली असेल. गेला तर गेला. आपण दुसरा लावतो.

हाच बाण ४४ मीटर उंच आणि ३२० टन वजनाचा असेल तर? आपला पी.एस.एल.व्ही. हा अग्निबाण नेमका एवढा आहे. बाटलीतल्या बाणाशी त्याचे नाते थट्टेचे नाही, चांगले सख्खे आहे. त्याच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन ठासून भरलेले असते. ते एकदा पेटले की विझवता येत नाही. दिवाळीच्या बाणातल्या दारूला चीर गेली, तर त्या चिरेच्या दोन्ही अंगांना आग लागते, वायू भलताच वाढतो आणि नळी फुटते. मोठ्या अग्निबाणाचेही हेच आहे. म्हणून डॉक्टर छातीचा फोटो काढतात तसे या इंधनाचे क्ष-किरणांनी फोटो काढतात, आणि चिरेची शंका जरी आली तरी पुढचे काम थांबते.

आम्हां कोल्हापूरकरांच्या तोंडी एक लाडका शब्द आहे : ‘चालतंय की!’ पाहुणा न सांगता जेवायला आला, चालतंय की. तांबड्या रश्श्यात तिखट जरा चढले, चालतंय की. या दोन शब्दांत कोल्हापूरचा सारा दिलदारपणा आहे आणि तो कमी व्हावा असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु माणसाच्या कर्तबगारीचे एक क्षेत्र असे आहे, की तिथे हा शब्द उंबऱ्याबाहेरच ठेवून आत जावे लागते. ते क्षेत्र म्हणजे अंतराळात जाणारी याने घडवण्याचे. मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की हा प्रश्न जितका पोलादाचा आहे तितकाच शब्दाचा आहे, आणि शब्द खरा की खोटा हे पाहणे आमच्याही धंद्यात बसते.

वजनाचा जमाखर्च

आधी जमाखर्च पाहू. ३२० टनांचा पी.एस.एल.व्ही. उडतो तेव्हा पृथ्वीभोवतीच्या ध्रुवीय कक्षेत तो साधारण १७५० किलोचा उपग्रह नेऊन ठेवू शकतो. म्हणजे शंभर रुपये गाडीभाडे भरून घरी आणलेला माल अवघा पंचावन्न पैशांचा! अशा व्यवहारात वाया घालवायला एक किलोही नसतो.

घर बांधताना गवंडी काय करतो? तुळईवर किती भार येईल याचा अंदाज घेतो आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट भार सोसेल असा माल घालतो. लाकडात एखादी गाठ निघाली, वाळूत थोडी माती आली, तरी त्या जादा मालाच्या पोटात सारे खपून जाते. ‘चालतंय की’ जन्माला येते ते या जादा मालाच्या पोटी! अग्निबाणाला ही चैन परवडत नाही. त्याच्या सांगाड्यात अपेक्षित भाराच्या साधारण सव्वापट ताकद ठेवण्याचा रिवाज आहे. आत माणसे बसणार असतील तर १.४ पट. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कागदावर लिहिलेल्या ताकदीपेक्षा धातू एक पंचमांशाने जरी कच्चा निघाला, तरी हाताशी राखलेले सगळे संपले. म्हणून धातू कागदावर लिहिल्याप्रमाणेच असला पाहिजे. आणि कागदही धातूप्रमाणेच असला पाहिजे. या दुसऱ्या वाक्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

पोलादाची कुळी

हे काम दूरदेशीच चालते असे मात्र समजू नये. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात तिथे साखर कारखाना उभा केला. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनू लागली, आणि १९७० नंतरच्या दशकापासून त्याच आवारात अग्निबाणांची पोलादी कवचे घडू लागली. उसाच्या चरकापासून अग्निबाणापर्यंतची ही वाट निघाली कुठून, तर आपल्याच नीरेच्या काठावरून. तसेच मुंबईला विक्रोळीत. ज्या गोदरेजचे कपाट आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजीच्या वेळेपासून भिंतीला टेकून उभे आहे, त्याच गोदरेजच्या कारखान्यात पी.एस.एल.व्ही.च्या दुसऱ्या टप्प्याचे ‘विकास’ इंजिन तयार होत आले आहे.

कवच म्हणजे आपल्या बाणाची पुठ्ठ्याची नळी. पी.एस.एल.व्ही.च्या पहिल्या टप्प्यात ती २.८ मीटर व्यासाची असते. आत इंधन जळत असताना त्या नळीवर वातावरणाच्या पन्नासपटीहून अधिक दाब येतो. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर आतल्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट झाला की शिट्टी देतो. त्यावरून काय ती कल्पना करावी. आणि हा दाब सोसायचा तो अवघ्या काही मिलिमीटर जाडीच्या पत्र्याने!

त्यासाठी जे पोलाद वापरतात त्याला ‘मॅरेजिंग’ पोलाद म्हणतात. लग्नाशी त्याचा संबंध नाही. साध्या पोलादाला कणखरपणा येतो तो कार्बनमुळे. या पोलादात कार्बन जवळजवळ नसतोच. त्याऐवजी साधारण १८ टक्के निकेल आणि जोडीला कोबाल्ट, मॉलिब्डेनम व थोडे टायटॅनियम असते. त्याची खुबी अशी, की प्रथम ते मऊ असते. कुंभार ओल्या मातीला आकार देतो तसे ते कापून, वळवून, जोडून घ्यावे, आणि मग सुमारे ४८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही तास मुरवत ठेवावे. तेवढ्याने त्याची ताकद दुपटीच्या आसपास जाते. परदेशांनी या पोलादाच्या विक्रीवर निर्बंध घातले होते. म्हणून हैदराबादच्या मिश्र धातू निगमात ते इथेच तयार करण्याची विद्या साधावी लागली.

पण ताकदवान माणूस जसा हट्टी असतो, तसे हे पोलादही. त्यात केसाएवढी भेग राहिली, तर दाब येताच ती पळत सुटते. म्हणून प्रत्येक पत्र्याची कुळी लिहून ठेवतात. आमच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत गेलात तर ‘हीट नंबर’ हा शब्द ऐकाल. भट्टीतून एका वेळी जो रस ओतला ती एक हीट; त्या रसातून निघालेल्या प्रत्येक जॉबवर तो आकडा. यानाच्या बाबतीत ही वंशावळ शेवटच्या बोल्टापर्यंत नेतात. कुठल्या हीटचे पोलाद, कोणी जोडले, जोड कोणी तपासला, क्ष-किरणांच्या फोटोत काय दिसले, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून काय सापडले, सारे लिहायचे. जोडकाम करतानाच त्याच धातूची नमुन्याची पट्टी जोडून घ्यायची आणि ती यंत्रात ओढून तुटेपर्यंत पाहायची. शेवटी तयार कवचावर प्रत्यक्ष उड्डाणात येईल त्याहून जास्त दाब देऊन पाहायचा. मुलगी देताना आपण घराण्याची चौकशी करतो. पण इतकी तर नाडीग्रंथवालेही करीत नसतील!

घरात चालते, तिथे नाही

धातू ताकदवान असला म्हणजे झाले, असेही नाही. आपल्या लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा. नवसागराचा धूर आणि पितळेच्या पातेल्यावर फिरणारा चांदीसारखा कथील ज्याने पाहिला, तो ते विसरणार नाही. कल्हईत शिसे मिसळणारा कल्हईवाला लबाड समजला जाई, आणि ते योग्यच; शिसे हे विष आहे. आता मौज पाहा. उपग्रहाच्या विजेच्या जोडांत शुद्ध कथिलाला बंदी आहे, आणि त्यात निदान ३ टक्के शिसे मिसळण्याची सक्ती आहे! कारण शुद्ध कथिलाला काही काळाने बारीक केस फुटतात. माणसाच्या केसापेक्षा किती तरी पातळ असे ते तंतू वाढत जाऊन शेजारच्या तारेला टेकले, की वीज भलत्या वाटेने जाते. १९९८ च्या मे महिन्यात ‘गॅलेक्सी ४’ हा उपग्रह बिघडला आणि अमेरिकेतले लाखो पेजर मुके झाले; त्याचे खापर याच केसांवर फुटले.

दुसरे उदाहरण वासाचे. प्लॅस्टिकचा नवा डबा उघडला की वास येतो. वास येतो याचा अर्थ त्या प्लॅस्टिकमधून काही तरी बाहेर पडते आहे. पृथ्वीवर दोन दिवस डबा उन्हात ठेवला की काम भागते. अंतराळातल्या निर्वात पोकळीत मात्र ती वाफ यानाच्याच कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसते. म्हणून रबर, रंग, डिंक, जे काही यानात जायचे त्याची परीक्षा ठरलेली असते : निर्वात पेटीत १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवा, वजन १ टक्क्याहून जास्त घटता कामा नये, आणि काचेवर बसेल असा अंश ०.१ टक्क्याहून जास्त निघता कामा नये.

यावरून एक गोष्ट कळते. चांगला माल आणि वाईट माल अशी सरसकट वाटणी नसते. कोणत्या जागी, कोणत्या कामाला, किती काळ, हे ठरवल्यावरच मालाचा कस सांगता येतो. आणि महाग ते सगळे चांगले असेही नाही. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरात मोबाईल फोनमधला प्रोसेसर बसवलेला होता. पाच उड्डाणांसाठी पाठवलेले ते यंत्र ७२ वेळा उडाले. साध्या मालाची तिथे अडचण झाली नाही. कारण तो माल साधा आहे हे जाणून, तपासून, मग तो वापरला होता.

चार अपघातांची कहाणी

आता उलट बाजू पाहू. दर्जा कुठे कुठे निसटतो, याची चार उदाहरणे सांगतो.

पहिले आपल्याच घरातले. १० ऑगस्ट १९७९ ला एस.एल.व्ही.-३ हा भारताचा पहिला उपग्रहवाहक अग्निबाण श्रीहरिकोटाहून उडाला आणि ३१७ सेकंदांत बंगालच्या उपसागरात गेला. डॉ. अब्दुल कलाम त्याचे प्रमुख होते. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतली एक झडप कचरा अडकून उघडी राहिली, आणि त्या यंत्रणेला लागणारे नायट्रिक आम्ल उड्डाणापूर्वीच गळून गेले. झडप चांगली, आरेखन चांगले. धुळीचा कण तेवढा वाईट! पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, तोच अग्निबाण रोहिणी उपग्रह घेऊन यशस्वी झाला.

दुसरे १० जुलै २००६ चे. ‘इन्सॅट-४सी’ हा उपग्रह घेऊन निघालेला जी.एस.एल.व्ही. मिनिटाभरात कोलमडला. बाजूच्या चार द्रव-इंधन इंजिनांपैकी एकाचा जोर उड्डाण होता होताच गेला होता. चौकशी समितीला दोष सापडला तो इंजिनातल्या इंधन-नियामकात. घडवताना नकळत झालेली ती एक चूक होती आणि पुढच्या कोणत्याही तपासणीत ती पकडली गेली नव्हती. चूक कोणाच्याही हातून होते. पण तपासणाऱ्याची नजर चुकली, की त्या चुकीला आभाळापर्यंत रस्ता मोकळा मिळतो.

तिसरे अमेरिकेतले, आणि आम्हां ओतीवकामाच्या गावच्या लोकांनी खास वाचण्यासारखे. २८ जून २०१५ ला स्पेसएक्स कंपनीचा ‘फाल्कन ९’ हवेतच फुटला. आतली हेलियमची टाकी धरून ठेवणारा एक पोलादी दांडा तुटला होता. दहा हजार पौंडांचा जोर सोसायचा तो, दोन हजारांतच गेला. ‘नासा’च्या चौकशीत निघाले, की दांड्याच्या टोकाचा ओतीव भाग साध्या औद्योगिक दर्जाचा होता, अशा वापरात चौपट ताकद राखून ठेवा असे तो बनवणाऱ्यांनी सांगितले होते, तेही पाळले गेले नव्हते आणि भागाची पुरेशी छाननीही झाली नव्हती. मंगळावरच्या हेलिकॉप्टरातला भागही साधाच होता, हा दांडाही साधाच. एक तपासला होता, दुसरा नाही.

चौथी गोष्ट मात्र वेगळ्या जातीची आहे. २४ फेब्रुवारी २००९ ला आणि पुन्हा ४ मार्च २०११ ला अमेरिकेचा ‘टॉरस एक्सएल’ हा अग्निबाण एकाच रीतीने फसला. उपग्रहावरचे टोपण वेळेला सुटलेच नाही. टोपणाच्या ओझ्याने वेग पुरा पडला नाही आणि दोन्ही उपग्रह गेले. नुकसान ७० कोटी डॉलरांच्या वर. टोपण का सुटले नाही, हे नासाने २०१९ मध्ये जाहीर केले. ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीने ठरल्या क्षणी तुटायचे, ती कागदावर लिहिल्या गुणांची नव्हतीच. ओरेगन राज्यातल्या ‘सापा प्रोफाइल्स’ या कंपनीत धातूच्या चाचणीचे आकडे १९ वर्षे खोटे लिहिले जात होते. चाचणीत नापास झालेला माल प्रमाणपत्रावर पास होऊन शेकडो गिऱ्हाइकांकडे गेला होता. कंपनीने ४.६ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले आणि चाचणी-विभागाच्या एका अधिकाऱ्याला तुरुंगवास झाला.

पहिल्या तीन गोष्टींत हात चुकला, नजर चुकली, निवड चुकली. चौथीत शब्द खोटा पडला. आणि माझ्या मते चौथी सर्वांत भयंकर. कारण चुकीवर तपासणीचा उपाय आहे, पण तपासणीच खोटी लिहिली तर मग उपाय उरत नाही. शास्त्रज्ञ त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवून सव्वापटीचा हिशेब करीत बसतात, आणि तो विश्वासच पोकळ असतो. नासाच्या नामांकित इंजिनीअरांना दोनदा चकवणारी ती गोष्ट म्हणजे कोणा परक्या देशाचे कारस्थान नव्हते. प्रयोगशाळेतल्या एका टेबलावर, पेनाने, आकडा बदलून लिहिण्याची ती सवय होती. पहिल्यांदा लिहिताना त्या माणसाच्या मनात दुसरे काय आले असेल? ‘चालतंय की!’

कस, टंच आणि सही

कोल्हापूरच्या हाताच्या कसबाविषयी मला तिळभर शंका नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना जोडीला घेऊन चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावाला कारागिरी शिकवायला नको. ऑइल इंजिनांच्या आणि उसाच्या चरकांच्या सुट्या भागांपासून सुरू झालेल्या इथल्या ओतीवकामाला आज परदेशी मोटारींचे कारखाने गिऱ्हाईक आहेत. पण एक कॅमेरा बनवणे ही कला आहे. पहिल्यासारखीच शंभरावी झडप बनवणे, आणि ती तशीच आहे हे दाखवून देणे, ही दुसरी विद्या आहे. तिला वाहवा मिळत नाही. तिच्यात रोज तेच मापायचे असते, तेच लिहायचे असते, आणि संध्याकाळी पाच वाजता, ट्रक दारात उभा असताना, एक जॉब बाजूला काढून ‘हा जाणार नाही’ असे मालकाला सांगायचे असते. मालकानेही ते ऐकून घ्यायचे असते, हे अधिक अवघड.

अशा ‘नाही’ची किंमत परवाच आपण पाहिली. शुभांशू शुक्ला यांना घेऊन जाणारा अग्निबाण जून २०२५ मध्ये उड्डाणाच्या उंबरठ्यावर उभा असताना त्यात द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. साऱ्या देशाचे डोळे लागले होते, घरोघर तारीख ठरली होती. तरी उड्डाण थांबवले, गळती काढली, आणि २५ जूनला ते गेले. परत येऊन आपल्या आईला भेटले. उद्या ‘गगनयाना’त आपली माणसे बसतील, तेव्हा त्यांच्या पाठीखाली असेच हजारो सुटे भाग असतील, आणि प्रत्येकाच्या मागे कोणी तरी एक माणूस कागद घेऊन बसलेला असेल.

आपल्या भाषेला हे सारे पूर्वीपासून ठाऊक आहे. सोन्याचा ‘कस’ लागतो तिथूनच ‘कसोटी’ आली. आमच्या जवळच्या हुपरीत चांदीचा ‘टंच’ काढतात, आणि टंच खोटा सांगणाऱ्या सराफाच्या दुकानाची पायरी कोणी पुन्हा चढत नाही. ‘प्रमाण’ या एकाच शब्दात माप आणि पुरावा हे दोन्ही अर्थ नांदतात. आणि आपण दिवसातून दहा वेळा जी ‘सही’ ठोकतो, ती मूळची अरबी. तिचा अर्थ ‘खरे’, ‘बिनचूक’. कागदाच्या तळाशी आपण आपले नाव लिहितो असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे आपण तिथे ‘वर लिहिले ते खरे आहे’ एवढेच लिहीत असतो.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी यंदा एखाद्या कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरीला लागली असेल, तर दिवाळीच्या फराळाला बसताना तिला हे जरूर सांगा. चकली थोडी मऊ झाली असेल; ती मात्र चालते.